कुंपणावरची टांकसाळ

रविवारचा जुना बाजार नानांना फळला, की सोमवारी सकाळी सातच्या आत आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर एक ताटली येते. ताटलीत जुन्या पंच्याचा तुकडा, तुकड्यात माल, आणि पलीकडे बागेला पाणी घालण्याचं सोंग करत उभे नाना. पाण्याची नळी एकाच जास्वंदीवर. अशानं ती जास्वंद एक दिवस कुजणार आहे, पण ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे माईंनी, बघायचं.

“वहिनी, हात पुसून या.”

“पुसलेत.”

“कडेला धरा. तोंडावर बोट नको.”

पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर असलेल्या बाईला हे सांगायचं! पण नवं नाणं दाखवणाऱ्या माणसाला उलट बोलू नये. आम्ही पाच-सहा नाणेवेडे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर जमतो, तिथला हा नियमच आहे. आधी सगळ्यांनी नाणं बघायचं, मग “वा!” म्हणायचं, मग चहा, आणि “कितीला पडलं?” हे कप खाली ठेवल्यावर. एकदा एकानं आल्या आल्याच किंमत विचारली, तर दाखवणाऱ्यानं नाणं परत पाकिटात घातलं आणि पोह्यांनाही हात लावला नाही.

तर ताटलीत शिवराया होत्या. पाच. तांब्याच्या, काळपट, कडा झिजलेल्या. शिवराई म्हणजे महाराजांचा पैसा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. 1674 च्या राज्याभिषेकापासूनचं हे नाणं पुढे पेशवाईतही पाडत राहिले, आणि इंग्रज आल्यावरही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ते आपल्या बाजारात चालत होतं. त्यामुळे नग पुष्कळ मिळतात. पण अख्खा मजकूर एका नाण्यावर मिळायला नशीब लागतं. ठसा मोठा आणि चकती लहान. हातोडा जिथे पडेल तेवढीच अक्षरं उमटायची. कुणाकडे ‘श्री’ गेलेला, कुणाकडे ‘पति’.

“ही बघा, ही. ‘सिव’ आहे. दंत्य स!” नानांचा आवाज खाली आला, जणू दंत्य स पळून जाईल.

हे मात्र खरं. शिवरायांवर ‘शिव’ सापडतो, ‘सिव’ सापडतो, दीर्घ ‘सीव’ही सापडतो, ‘पति’ असतो तसा ‘पती’ही. ठसे खोदणारे हात अनेक, आणि जो तो आपल्या कानाला येईल तसं खोदणार. नाना मराठीचे शिक्षक होते. जन्मभर मुलांच्या वह्यांत ऱ्हस्वदीर्घाखाली लाल रेघा मारल्या, आणि आता जितकी चूक नवी तितके पैसे जास्त मोजतात.

“आणि या दोन दुदांडी,” नाना म्हणाले. त्या पेशवाईतल्या, अक्षरांच्या दोन ओळींमध्ये आडव्या दांड्या असलेल्या. त्या त्यांच्याकडे डबाभर आहेत. “पाच घेतल्या तरच तो ‘सिव’ देणार होता,” असं त्यांनी न विचारताच सांगितलं. म्हणजे चहाच्या आधीच किमतीवर आले. जास्तच पडली असणार.

माझा छंद नानांच्या हिशेबी हलका. मी चालू नाणी जमवते, टांकसाळीच्या खुणेप्रमाणे. सालाच्या खाली बघायचं: शंकरपाळ्यासारखी चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, नुसता ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. एका साली एका किमतीची चारही घरं भरायची म्हटली तर भाजीवाल्याशी फार गोड बोलावं लागतं. नाना याला “मोड गोळा करणं” म्हणतात. म्हणोत. त्यांची शिवराई तरी काय होती? त्या काळची मोडच.

तेवढ्यात मंगल भांडी घासून बाहेर आली आणि तिनं मोबाईल पुढे केला. पाच रुपयांच्या नाण्यावर वैष्णोदेवी असेल तर दहा लाख मिळतात म्हणे. तिच्या नणंदेकडे आहे. तिला म्हटलं, अगं, ते 2012 चं नाणं, त्याच्या पिशव्याच्या पिशव्या मी माझ्या हातानं फोडल्यात. तसं असतं तर मी तुझ्याबरोबर इथे उभी असते का? ती माणसं आधी तुझ्याकडूनच ‘नोंदणी’चे पैसे मागतील. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर सांगितलंय की या धंद्याशी आमचा काही संबंध नाही. मंगलचा चेहरा पडला. नणंदेला सांगणार नाही, असं मात्र तिच्या डोळ्यांत दिसलं. दोघींचं फारसं पटत नाही.

मग मी माझा नग काढला: 1943 चा भोकाचा पैसा. महायुद्धात धातूची चणचण, म्हणून मधलं काढून घेतलेलं. हा 1947 पर्यंत निघाला.

“आमचे वडील हा नळाला वॉशर म्हणून घालायचे,” आतून माई म्हणाल्या. “पैशापेक्षा वॉशर महाग पडायचा.”

नानांनी कपाळाला हात लावला. आमच्या मंडळीत असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. एकाच्या सुनेनं दिवाळीच्या आवराआवरीत शिवराया चिंच लावून लख्ख घासल्या, तेव्हापासून तो गृहस्थ दिवाळीत कुलूप लावून बसतो. दोनशे वर्षांनी चढलेला रंग तो. एकदा गेला की नाणं कालच्या तांब्याच्या लोट्यासारखं दिसतं आणि त्याला कुणी विचारत नाही.

माई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “एवढं कवतिक चाललंय, तर हे पण बघा,” म्हणून ताटलीत त्यांनी पुतळ्यांची माळ ठेवली. आईकडची. लग्नकार्यात त्यांच्या गळ्यात मी दहादा बघितली असेल, पण नाणं म्हणून कधी बघितली नव्हती. नानांनीही नाही, बेचाळीस वर्षांच्या संसारात.

नानांनी भिंग लावलं आणि पाण्याची नळी खाली टाकली.

“वहिनी, हे व्हेनिसचं आहे. डुकॅट!”

खरंच होतं. एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश. दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू. हे नाणं 1284 पासून 1797 पर्यंत, ते प्रजासत्ताक बुडेस्तोवर पडत राहिलं, आणि मिरी-मसाल्याच्या बदल्यात आपल्या किनाऱ्यावर येत राहिलं. आपल्या बायकांनी त्यावरची माणसं बघितली, पुतळी म्हटलं, कडी लावली आणि गळ्यात घातलं.

“अस्सल असेलच असं नाही,” मी म्हटलं. आपल्या सोनारांनी पुतळ्यांच्या नकला पुष्कळ केल्या, आणि त्यांना लॅटिन कुठून येणार? अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या येतात. नाना एकेक पुतळी वळवू लागले. तिसरीपर्यंत काड्याच होत्या. चौथीवर थांबले. “इथे अक्षरं लागतायत. वजन बघू. साडेतीन ग्रॅम भरलं तर...”

“कडीसकट?”

“कडीचं वजा करू. थांबा, काटा आणतो.”

नाना आत धावले. माई शांतपणे पुढे झाल्या, माळ उचलली आणि मला म्हणाल्या, “चाळीस शिवराया आणल्या तेव्हा विचारलं होतं का मला?” मग माळ डब्यात गेली, डबा कपाटात, किल्ली कमरेला.

हे झालं सोमवारचं. आज बुधवार, जुन्या बाजाराचा दुसरा वार. पण नाना गेले नाहीत. सकाळपासून भिंतीपाशी आहेत, नळी जास्वंदीवर धरून. मघाशी हळूच म्हणाले, “वहिनी, दुपारी माईकडे या ना जरा. हळदीकुंकवाचं वगैरे काहीतरी काढा. तुम्ही मागितली तर देईल ती. चौथी पुतळी. डावीकडून.”

मी म्हटलं, येते. पण तो ‘सिव’ आठवडाभर माझ्या कपाटात राहील.

नानांनी अजून हो म्हटलेलं नाही.