गाडीतल्या बाईला नवा रस्ता शिकवावा का?

तिवस्यात ज्याच्या गाडीत कंपनीने बसवलेलं नेव्हिगेशन असतं, त्याला ते सहसा लागत नाही. गावाला महामार्ग एकच. एका अंगाला नागपूर, दुसऱ्या अंगाला अमरावती. मोझरीला गुरुकुंजात जायचं तर तोच रस्ता, आणि कौंडण्यपूरला जायचं तर कुऱ्ह्यावरून. त्या कौंडण्यपुरातून श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेलं, तेही पार द्वारकेपर्यंत; पण रथात दारुक होता आणि त्याला कुणी नकाशाचे पैसे मागितल्याची नोंद नाही. तरीही गाडी घेताना आपण वरचं मॉडेल घेतो. पडदा मोठा, त्यात नकाशा, आणि नकाशात एक बाई. पहिले आठ दिवस घरापासून बसस्टँडपर्यंतसुद्धा तिला विचारून जायचं असतं.

मग दोन-चार वर्षं जातात. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की तिथला पोरगा जॉबकार्ड लिहिता लिहिता सहज म्हणतो, "सर, म्याप बी अपडेट करून टाकू काय? जुना झाला." ऑइल, फिल्टर, वायपर यांच्या रांगेत तो शब्द असा बसवलेला असतो की नाही म्हणणाऱ्याला आपण गाडीची हेळसांड करतो आहोत असं वाटावं. आकडा मात्र तो शेवटी सांगतो. त्या आकड्यात घरचा किराणा येतो.

यात जुनं नेमकं काय होतं? वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह नव्हेत. त्यांची देखभाल अमेरिकेचं सरकार करतं आणि आपल्याला बिल पाठवत नाही. २ मे २००० या दिवशी त्यांनी नागरी वापराच्या संकेतातली मुद्दाम ठेवलेली चूकही काढून टाकली. तेव्हापासून सामान्य माणसाची जागाही काही मीटरच्या आत सापडू लागली. पण निदान चार उपग्रहांचे संकेत जुळवून गाडीला कळतं ते फक्त आपण कुठे आहोत एवढंच. तिथे रस्ता आहे की तुरीचं वावर, हे उपग्रहाला ठाऊक नसतं. ते गाडीतल्या कार्डावर साठवलेलं असतं, आणि कार्ड ज्या दिवशी भरलं त्या दिवशीचं जग त्यात थांबलेलं असतं.

थांबलेलं जग कसं दिसतं ते समृद्धी महामार्गावर पाहावं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी सगळा ७०१ किलोमीटर मार्ग खुला झाला. आमच्या एका नातलगाची गाडी त्याच्या आधीची. धामणगावकडून समृद्धीला लागलो आणि पडद्यावरच्या बाणाचे हाल सुरू झाले. असा बाण ओळखीच्या रस्त्याला चिकटून चालतो. जवळपास ओळखीचं काहीच नसलं की मोकळा सुटतो. बाहेर ताशी शंभरच्या पुढे वेग, आणि पडद्यावर करड्या माळरानातून एकटा बाण धुऱ्यांना न जुमानता पश्चिमेकडे पोहत निघालेला. मध्येच गावाकडचा एखादा रस्ता खालून आडवा गेला की बाण क्षणभर त्याला झोंबायचा आणि बाई उत्साहाने डावीकडे वळायला सांगायची. मागच्या सीटवर आत्या होती. तिने थोडा वेळ पडदा पाहिला आणि म्हणाली, "थे बाई तं तुरीतून गाडी नेऊन राह्यली!"

त्याच पडद्यावर औरंगाबाद होतं आणि अहमदनगरही होतं. पण यात बाईला एकटीला दोष देता येणार नाही. आमच्या महामार्गाचा सहा नंबर बदलून त्रेपन्न झाला त्याला वर्षं उलटली. पानठेल्यावर अजून सहा नंबरच चालतो. उलट वऱ्हाडातल्या रस्त्याची सगळ्यात गाजलेली बातमी घ्या. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. नकाशात त्याने एक टिंबही हललं नाही, कारण रस्ता होता तिथेच होता.

नकाशा ताजा ठेवण्याचं काम खर्चिक आहे, हे मात्र मान्य. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासेतून देश मोजायला घेतला. साखळ्या आणि अर्ध्या टनाचं थिओडोलाइट घेऊन तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. कबरही तिथेच आहे. त्या मानाने सर्व्हिसिंगवाला पोरगा कार्ड बदलून अर्ध्या तासात मोकळा होतो.

प्रश्न इतकाच की ते ताजं कार्ड लागणार कुठे? नागपूर-पुण्यात लागेल म्हणावं, तर तिथे आज एक उड्डाणपूल सुरू होतो आणि उद्या एक गल्ली एकमार्गी होते. वर्षाकाठी निघणारं कार्ड तिथे पहिल्याच आठवड्यात शिळं. शिवाय तिथे खिशातल्या फोनला रेंज असते, आणि फोन पुढची गर्दीसुद्धा सांगतो. राहिला मेळघाट. तिथे फोनची रेंज जाते, आणि गाडीतली बाई एकटी बोलत राहते. तेवढ्यापुरता तिचा मान मोठा. पण १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलात नवा रस्ता काढणं इतकं सोपं नाही, म्हणून जुना नकाशाही तिथे बिनचूक चालतो. म्हणजे जिथे रस्ते बदलतात तिथे बाईची गरज नाही, आणि जिथे तिची गरज आहे तिथे रस्ते बदलत नाहीत. समृद्धीचं म्हणाल, तर त्यावर एकदा चढल्यावर चुकायला जागाच कुठे आहे? फलक एवढे मोठे की आत्यालाही चष्मा लागला नाही.

फोनचंही फार कौतुक नको. जवळचा रस्ता म्हणून तो भर पावसाळ्यात पांदणीत घालतो, आणि काळ्या मातीत रुतलेली गाडी काढायला शेवटी ट्रॅक्टरच लागतो. तिथे नवा नकाशाही कामाचा नाही. चिखल कोणत्याच कार्डावर येत नाही.

तेव्हा कंपनी फुकट देत असेल तर नकाशा जरूर घ्या, नाही म्हणू नका. पैसे मागितले तर तेवढेच पैसे टायरवर घाला. समृद्धीवर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा आरटीओने गाड्यांचे टायरच तपासायला घेतले होते. नकाशाची तारीख कुणी विचारली नव्हती.