दुसऱ्या खेपेच्या घरी भेटीला कसे जावे

ज्या घरात अडीच वर्षांचं एक मूल धावतंय आणि दुसरं यायच्या वाटेवर आहे, अशा घरी भेटीला जाण्याचं शास्त्र आपल्याकडे अजून कुणी लिहून काढलेलं नाही. पहिल्या खेपेचं साहित्य अमाप आहे. गर्भसंस्कारांची पुस्तकं आहेत, डोहाळजेवणाला लागणारे धनुष्यबाण, चंद्रकोर आणि होडी भाड्याने मिळतात, पहिलटकरणीने कुठल्या कुशीवर झोपावं याचा सल्ला तर जिन्यात उभ्या उभ्या मिळतो. दुसऱ्या खेपेची बाई मात्र अनुभवी समजली जाते. पहिल्या वेळी पाहुणे विचारतात, "काय खावंसं वाटतंय गं?" दुसऱ्या वेळी विचारतात, "आज काय केलंयस?" दुसरेपणी मिळणारी सवलत एकच: मागचे डोस पूर्ण असतील आणि मध्ये तीन वर्षांहून कमी काळ गेला असेल, तर धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन दोनऐवजी एकच घ्यावं लागतं.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील नियमावली सादर आहे. आठवा महिना चालू असल्याने लेखिकेला खाली वाकता येत नाही. कुणाच्या पाया पडून विनंती करणं त्यामुळे शक्य नाही, म्हणून लेखी.

कलम १. वेळ

दुपारी एक ते साडेतीन या वेळात येऊ नये. तळमजल्यावरून येणाऱ्यांनीही येऊ नये. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी, त्यात दुपारची झोप धरून, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेलं आहे. ही सूचना आमच्या घरातल्या संबंधित व्यक्तीला वाचून दाखवली. तिने कागद खाल्ला.

तरीही ती कधी कधी झोपते. अशा वेळी बेल वाजवू नये. दार नखाने हलकेच खाजवावे आणि थोडं थांबावे. उघडलं नाही तर घरी जावे. यात कुणाचा अपमान नाही. "मला वाटलं जागीच असशील," हे वाक्य झोपेतून उठवलेल्या माणसाला म्हणू नये, कारण ते म्हणेपर्यंत खरं झालेलं असतं.

कलम २. दारातलं पहिलं वाक्य

"अगंबाई, केवढं ते पोट! जुळं तर नाही ना?" हे पहिलं वाक्य असू नये. दुसरंही असू नये.

माहितीसाठी: पोटाचे स्नायू एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून दुसऱ्या वेळी पोट लवकर दिसू लागतं. बाळाची हालचालही लवकर जाणवते. पहिल्या खेपेला साधारण अठरा ते वीस आठवड्यांनी कळते ती दुसऱ्या वेळी सोळाव्याच्या आसपासही कळू शकते, कारण हा गॅस नव्हे हे आता ओळखता येतं.

कलम ३. पर्स

हे कलम थट्टेचं नाही. पाहुण्यांनी आपली पर्स सोफ्याशेजारी जमिनीवर ठेवू नये. त्यात बीपीच्या, शुगरच्या गोळ्या असतात, आणि अडीच वर्षांचं मूल चेन उघडायला आपल्यापेक्षा लवकर शिकतं. गरोदरपणात घेतात त्या लोहाच्या गोळ्याही घरात लपवून, उंच जागी आणि घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवाव्यात. लहान मुलाच्या पोटात त्या जास्त गेल्या तर जिवावर बेततं. रंगीत असतात, म्हणून जास्तच भीती. तेव्हा पर्स कपाटावर ठेवावी, आणि मग बसावे.

कलम ४. मुलीचा सोनोग्राफीसाठी वापर

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा कायदा त्यानंतर, १९९४ साली आला. तेव्हापासून सोनोग्राफी केंद्रांत पाट्या लागल्या, यंत्रांच्या नोंदी झाल्या. अडीच वर्षांच्या मुलीची यंत्र म्हणून नोंद करायची सोय मात्र कायद्यात नाही. त्याचा फायदा घेऊन लोक दिवसाढवळ्या आमच्या बैठकीच्या खोलीत हे यंत्र चालवतात.

"सांग बरं, आईच्या पोटात काय आहे? भाऊ की बहीण?"

लहान मुलाच्या तोंडून देव बोलतो अशी यामागे श्रद्धा आहे. आमच्याकडच्या देवाने आजवर दिलेली उत्तरं: भात, हत्ती, आणि एकदा, बराच विचार करून, "कचला". पैकी भात हे उत्तर मला सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतं. आईच्या पोटात जाताना तिने प्रत्यक्ष पाहिलेली वस्तू तेवढी तीच. मग तिने बाबाच्या पोटावर थाप मारून "आनि यात?" असंही विचारलं. प्रश्न रास्त होता. दिसण्यावरून बाबाचा निदान पाचवा तरी चालू असावा.

याखेरीज डोक्यातला भोवरा कुठल्या बाजूला आहे, उंबऱ्यावर आधी कुठला पाय पडतो, ओणवी होऊन दोन पायांमधून मागे बघते का, याही चाचण्या होतात. शेवटच्या चाचणीवर तळमजल्याचा फार विश्वास आहे. वस्तुस्थिती अशी की या वयाचं मूल दिवसभर ओणवंच असतं. चुरमुरे खालीच सांडलेले असतात.

इथवर हसून सोडता येतं. पण काही जणी म्हणतात, "पहिली मुलगी आहे ना, मग आता..." आणि पुढचं न बोलता हात हवेत फिरवतात. हा हात फिरवू नये. मुलगी तिथेच पाटावर बसलेली असते. शब्द तिला कळत नसतील, हात दिसतो. संध्याकाळी ती तसाच हात फिरवून दाखवते, आणि मग मला स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटावी लागतात. ज्यांना या विषयात रस आहे त्यांच्यासाठी एक सरकारी माहिती: प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला दुसऱ्या खेपेला ६००० रुपये मिळतात ते मुलगी झाली तरच. तेव्हा हात फिरवायचाच असेल तर हिशेब नीट करून फिरवावा.

कलम ५. "आता तुझे लाड संपले हं!"

सर्व कलमांत हे मुख्य. बाकीची विसरली तरी चालतील.

हे वाक्य गालगुच्चा घेत, अगदी मायेनं म्हणतात. त्याला पुरवणी असते: "आई आता बाळालाच जवळ घेणार. मग तू कुठे जाणार? आमच्याकडे येतेस राहायला?" मुलगी आधी हसते. मग माझ्याकडे बघते. मग माझ्या गाऊनची कड मुठीत धरते. लगेच निकाल लागतो: "बघितलंस, आत्तापासूनच हेवा वाटतोय तिला!"

तिला हेवा वाटत नव्हता. बाळ म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं, तर ते आपलं काही घेऊन जाणार आहे हे कुठून ठाऊक असणार? ते तिला आपण घरी येऊन, चहा पीत, शिकवतो. आपल्यापैकी कितीतरी थोरल्यांना ते असंच शिकवलं गेलं होतं. चाळिशीतही त्या धाकट्या भावंडाच्या ताटात काय वाढलंय ते बघतात.

मग काय सांगावे? फार आधीपासून काहीच सांगू नये. या वयाला "चार महिन्यांनी" याचा अर्थ "कधीच नाही" किंवा "आत्ता लगेच" असा होतो. पोट दिसू लागलं, तिने विचारलं, की सांगावे, आणि तारखेपेक्षा एखाद्या सणाला बांधून सांगावे. काय बदलणार यापेक्षा काय तसंच राहणार ते सांगावे: तुझी वाटी तुझीच, रात्रीची गोष्ट तुझीच, बाबाच्या खांद्यावर बसायचं तूच. तिला वेगळ्या पलंगावर न्यायचं असेल, किंवा डायपर सोडवायचा असेल, तर ते खूप आधी उरकावे नाहीतर बाळ आल्यावर काही महिने थांबावे. ऐन वेळी काढू नये. बाळ आल्यावर कपाने पिणारी मुलगी बाटली मागू लागते, शू सांगणारी सांगायची विसरते. तेव्हा रागावू नये. आपलं अजूनही चालतं का, एवढंच ती तपासून बघत असते. चालतं असं दिसलं की मूल हळूहळू आपणहून पुढे जातं.

सणाला बांधून सांगण्यात एक धोका आहे, तोही नोंदवते. "गणपती गेले की मग बाळ येणार" असं आम्ही सांगितलं. गणपती आले, मखर झालं, मोदक झाले, सगळे नाचत गेले आणि त्यांना पाण्यात सोडून रिकामा पाट घेऊन परत आले. तिने हे सर्व नीट पाहून घेतलं आहे. आता बाळाबद्दल तिची एकच चौकशी असते: दीड दिवसाचं आहे की पाच दिवसांचं? आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

कलम ६. ताईपद

अडीच वर्षांच्या व्यक्तीला परस्पर ताईपद देऊ नये. हे पद तिने मागितलेलं नाही, आणि त्याबरोबर येतात त्या फक्त जबाबदाऱ्या: ताई रडत नाही, ताई आपल्या हाताने जेवते, ताई खेळणी देऊन टाकते. कालपर्यंत चमचा नाकात घालणाऱ्या माणसाकडून आपण एकदम त्यागाची अपेक्षा करतो.

कलम ७. उचलणे

"अगं, उचलू नकोस तिला या दिवसांत!" असं बसल्या जागेवरून ओरडू नये. उठून तिला स्वतः उचलावे. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर गरोदर आई अडीच वर्षांच्या मुलाला जवळ घेऊ शकते, फक्त कमरेत न वाकता गुडघ्यात वाकून. त्याहून सोपं म्हणजे आईने दिवाणावर बसावं आणि मुलीने चढावं. चढण्याचं काम तिला फार आवडतं.

कलम ८. वडिलांचं कौतुक

मुलीचे वडील तिची शी धुताना दिसले तर "किती करतो गं तो! नशीबवान आहेस," असं म्हणू नये. मुलगी त्यांचीही आहे. कायद्यानेच या बाबतीत घोळ घालून ठेवला आहे. नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा असते, २०१७ च्या दुरुस्तीपासून. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची. खासगी नोकरीतल्या बापाला कायदा काहीच देत नाही, जे मिळेल ते मालकाच्या मनावर. म्हणजे बाळंतपण बाईचं, आणि बाप हा लांबून आलेला पाहुणा. आमच्याकडचा पाहुणा बरा आहे. मुलीचे दात तोच घासतो, आणि त्या वेळी दोघांच्या ओरडण्यातलं मुलीचं कुठलं हे भिंतीपलीकडून ओळखू येत नाही. कौतुक करू नका, त्याला आणखी एक काम सांगा.

कलम ९. काय आणावे

बाळाचे नवे कपडे आणू नयेत. आमच्याकडे ते आधी घेत नाहीत. झबली-टोपडी थोरलीची आहेत, दुपटी आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची आहेत, आणि त्यातलं एक टोपडं डोक्यावर अर्धवट चढवून थोरली सध्या घरभर फिरते. केळीही आणू नयेत. सगळे केळीच आणतात.

पोळ्या आणाव्यात. मऊ, घडीच्या, फडक्यात गुंडाळलेल्या. पोळ्या घेऊन येणाऱ्याने कलम १ मोडलं तरी चालेल.

कलम १०. अपवाद

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल की वरची बहुतेक कलमं तळमजल्यावरच्या काकूंमुळे सुचली. दुपारी दोनला बेल त्या वाजवतात. जुळ्याची शंका त्यांची. भोवरा त्यांनीच शोधला. आणि "लाड संपले" हे तर त्यांचं पालुपद.

पण सकाळी सातला नाशिकच्या आमच्या गल्लीत घंटागाडी वाजली की काकू वर येतात. गुडघे दुखतात म्हणून स्वतः भाजी आणायला जात नाहीत, पण मुलीला कडेवर घेऊन दोन जिने उतरतात. घंटागाडी दाखवतात, ओला कचरा कुठे, सुका कुठे, हे तिच्याकडून रोज म्हणवून घेतात. मग दूधवाला, मग कुत्र्याची पिल्लं, मग काकूंच्या ओट्यावर बसून दूध-पोळी. साडेआठला मुलगी परत येते ती खाल्लेली, केस विंचरलेली आणि शू झालेली. तोवर मी डाव्या कुशीवर गाढ झोपलेली असते. माहेर लांब आहे, आई यायला अजून अवकाश आहे, आणि दिवसातली माझी खरी झोप तेवढीच.

या दीड तासात काकू तिला सारखं बजावत असतात की आता तुझे लाड संपले. एक घास, एक ताकीद. परवा मुलीने आपल्या कापडी हत्तीला मांडीवर घेतलं, "तुजे लाद शंपले हं" असं त्याला ठणकावून सांगितलं आणि पोळीचा तुकडा त्याच्या सोंडेखाली कोंबला. ताकीद ती कुठे शिकली हे उघड आहे. भरवायलाही ती तिथेच शिकली.

सबब, काकूंना कलम १ ते ९ मधून पूर्ण सूट देण्यात येत आहे. कलम ५ मधून सूट देताना लेखिकेचा हात अडखळला, पण दिली. ही सूट काकूंपुरतीच आहे. त्यांच्या ओळखीने येणाऱ्या त्यांच्या भावजयी, भिशीच्या मैत्रिणी आणि वन्सं यांनी कलम १ पासून वाचायला सुरुवात करावी, आणि पोळ्या आणाव्यात.