केशवसुतांना सीसीत ठेवा

मालगुंडच्या रस्त्याला ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या आहेत. गणपतीपुळ्यात जागा मिळाली नाही की भक्त थोडा पुढे सरकतो, त्याच्यासाठी. अशाच एका पाटीवर, मोबाइल नंबरच्या खाली, मुंबईच्या पुतण्याच्या हट्टापायी काकांनी ईमेलचा पत्ता रंगवून घेतला. त्या पत्त्यावर अजून एकाही पाहुण्याने खोली मागितलेली नाही. पाहुणे फोन करतात आणि आधी विचारतात, ‘मोदक मिळतील ना?’ ईमेलवर येतात त्या तंत्रज्ञान कंपन्या. त्यांच्या लेखी काका म्हणजे ‘फाउंडर अँड सीईओ, हॉस्पिटॅलिटी, एक ते दहा कर्मचारी’. कर्मचारी म्हणजे काकू.

‘तुमच्या सेल्स टीमचे रोज तीन तास वाया जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?’ असा एक मेल काकांनी काकूंना वाचून दाखवला. ‘कुणामुळे जातात तेही ठाऊक आहे म्हणून कळवा,’ काकू म्हणाल्या.

कळवलं नाही तरी फरक पडत नाही. सोमवारी ‘क्विक क्वेश्चन’ येतो. गुरुवारी ‘वरचा मेल पाहिलात का?’ पुढच्या आठवड्यात ‘कदाचित वेळ चुकली असेल’. शेवटी निरोपाचा मेल येतो, त्यात तीन पर्याय असतात: रस आहे पण वेळ नाही, रस नाही, किंवा तुमच्या मागे एखादा हिंस्र प्राणी लागला आहे. हा विनोद कॅलिफोर्नियात खपत असेल. बिबटे विहिरीत पडतात त्या मुलखात तिसरा पर्याय निवडला तर वनखात्याची माणसं दारात यायची.

अलीकडे या कंपन्यांनी लिहिण्याचं काम यंत्राकडे दिलं आहे. यंत्र आधी तुमचा अभ्यास करतं आणि मग पहिल्याच ओळीत जिव्हाळा ओततं. काकांच्या गावाचा त्याने अभ्यास केला, आणि मेल आला: ‘मालगुंड येथील आपले सहकारी केशवसुत यांचं काम आमच्या टीमला अतिशय प्रेरणादायी वाटलं. पंधरा मिनिटांचा कॉल करू या. निर्णय त्यांच्याकडे असेल तर कृपया त्यांना सीसीत ठेवा.’

केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. त्यांच्या हयातीत कवितांचा एक संग्रहही निघाला नाही. तो हरि नारायण आपट्यांनी १९१७ साली काढला. ना सदस्यांची यादी, ना फॉलोअप. इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं तेही चौदा ओळींत आटोपलं, खाली ‘आत्ताच डेमो बुक करा’ नाही. एवढं असूनही १९९४ साली गावात त्यांचं स्मारक झालं आणि कुसुमाग्रज उद्घाटनाला आले. मार्केटिंगच्या पुस्तकात हे कोणत्या प्रकरणात बसवायचं, ते त्या टीमने ठरवावं.

दोष एकट्या यंत्राला देता येत नाही, घराणंच तसं आहे. नको असलेल्या मेलचा आद्य मानकरी म्हणून ज्याचं नाव घेतात तो गॅरी थर्क संगणक कंपनीचाच माणूस, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या मार्केटिंगमधला. ३ मे १९७८ रोजी त्याने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकगठ्ठा धाडलं. पत्ते छापील डिरेक्टरीतून हाताने टाइप केलेले. ते इतके झाले की पत्त्याच्या रकान्यात मावेनात आणि मजकुरात सांडले. लोक संतापले, वरून समज मिळाली. थर्कने नंतर सांगितलं की त्यातून एक कोटी डॉलरच्या वर धंदा झाला. संताप विसरला गेला, आकडा तेवढा लक्षात राहिला.

आकड्यावर या लोकांची श्रद्धा मोठी. मेलमध्ये ते एका ठिपक्याएवढं अदृश्य चित्र दडवतात. चित्र उतरलं की मेल उघडला असं धरायचं. २०२१ च्या सप्टेंबरपासून ॲपलने आपल्या मेलमध्ये अशी चित्रं परस्पर उतरवून घ्यायची सोय दिली, माणूस झोपलेला असो की जागा. काही कंपन्यांचे ‘उघडण्याचे’ आकडे एकदम चढले. तिकडे पेढेही वाटले असतील.

आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६अ मध्ये त्रास देण्यासाठी पाठवलेल्या ईमेलला तीन वर्षांपर्यंत कैद होती. अटक कुणाला झाली? २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं म्हणून. ‘क्विक क्वेश्चन’वाला आत गेल्याचं ऐकिवात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द केलं, ते बरंच झालं. ट्रायची ‘डू नॉट डिस्टर्ब’ यादी फोन आणि एसएमएसपुरती. राहिला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात संमतीची भाषा आहे, पण ज्याने आपली माहिती स्वतःहून जाहीर केली, त्याच्या त्या माहितीला तो लागू नाही. काकांनी तर ती ऑइलपेंटने जाहीर केली आहे.

त्यातल्या त्यात वचक बसवला तो गूगल आणि याहूने. फेब्रुवारी २०२४ पासून ठोक पाठवणाऱ्याने आपली ओळख पटवायची, एका क्लिकमध्ये सुटका द्यायची आणि स्पॅमच्या तक्रारी हजारात तीनच्या आत ठेवायच्या. उरलेले ९९७ निमूट सोसत असले की पाठवणारा सज्जन.

मेल काकाही पाठवतात. वर्षातून एक, चैत्रात, आधी राहून गेलेल्या पाहुण्यांना: ‘आंबा अढीत घातला आहे. पाच डझनी पेटी. भाव फोनवर.’ ना चित्र, ना बटण, ना ‘फक्त आजच’. संध्याकाळपर्यंत निम्म्या पेट्यांना घरं मिळतात.

यंदा मे अर्धा सरल्यावर हिंजवडीहून एका जुन्या पाहुण्याचा रागावलेला फोन आला. ‘काका, आम्हाला विसरलात?’ पोरगा हुशार. मेल लोकांच्या इनबॉक्समध्येच कसे पोचवायचे, त्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. काकांनी तारीख सांगितली, त्याने शोधलं. मेल स्पॅममध्ये पडला होता आणि पेट्या केव्हाच संपल्या होत्या.

त्याच आठवड्यात त्याच्या कंपनीचा मेल काकांना आला. विषय: ‘तुमचे मेल स्पॅममध्ये जातात का?’ तो मात्र थेट इनबॉक्समध्ये आला.