वाचणाऱ्या बायकांचं खूळ

बाईच्या हाती पुस्तक लागलं की ती बिघडते, आणि तेच तिने दुसरीला वाचायला दिलं की दोघी बिघडतात. शहाण्यांचं हे भाकीत तंजावूरने अक्षरशः खरं करून दाखवलं. या खुळाची थोरवी गायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

अठराव्या शतकात भोसल्यांच्या तंजावुरात त्र्यंबकयज्वन या पंडिताने 'स्त्रीधर्मपद्धति' लिहिली. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत बाईने कसं वागावं, ते त्यात क्रमवार सांगितलं आहे. त्याच शतकात प्रतापसिंह महाराजांच्या (१७३९–१७६३) दरबारातल्या मुद्दुपलनीने तेलुगूत 'राधिकासांत्वनमु' रचलं. त्यात राधा रुसते आणि कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. शेजारी इतकं शहाणपण लिहिलं जात असताना या बाईने स्त्रीच्या इच्छेवर काव्य केलं आणि प्रस्तावनेत आपल्या आजीचं नाव मानाने घेतलं. तिचे उपकार मानावे तेवढे थोडे.

दीडएकशे वर्षांनी हे खूळ गायिका बंगळूर नागरत्नम्मांना लागलं. एका टीकाग्रंथात त्यांना या काव्याचा उल्लेख सापडला. खटपट करून छापील प्रत मिळवली, तर तिच्यातली प्रस्तावना आणि बरीच शृंगारिक पद्यं गाळलेली. मग त्यांनी हस्तलिखित गाठलं, पुन्हापुन्हा वाचलं आणि १९१० साली संपूर्ण काव्य छापून आणलं. एका बाईने, तेही आपल्याच देवदासी समाजातल्या, इतकं रसाळ लिहिलं आहे, तर ते मुळाबरहुकूम लोकांपुढे यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. पुस्तकाची शिफारस करावी तर अशी!

शहाणे अर्थातच खवळले. कंदुकूरी वीरेशलिंगम हे विधवाविवाहासाठी झिजलेले मोठे सुधारक, पण त्यांच्या मते या काव्यातला काही भाग बाईने ऐकण्याजोगाही नव्हता, मग लिहिणं तर दूरच. नागरत्नम्मांनी विचारलं, लाज काय फक्त बायकांनीच बाळगायची? पुरुष कवींनी याहून उघडं लिहिलेलं काव्य तुम्हीच संपादित करून दिलंत, त्याचं काय? मला हा प्रश्न आजही बिनतोड वाटतो. उत्तर म्हणून पोलीस आले. सरकारने पुस्तक अश्लील ठरवलं आणि प्रती जप्त केल्या. बंदी उठायला टंगुटुरी प्रकाशम मद्रास प्रांताचे पंतप्रधान व्हावे लागले.

तोवर नागरत्नम्मा तंजावूरजवळच्या तिरुवैयारूला पोचल्या होत्या. संगीतकार त्यागराजांची समाधी त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधून काढली. तिथल्या आराधनेत, म्हणजे त्यागराजांच्या संगीतोत्सवात, बायकांना गाऊ देत नसत, तेव्हा त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली. १९५२ साली त्या गेल्या आणि त्याच वर्षी 'राधिकासांत्वनमु'ची आवृत्ती पुन्हा निघाली.

या काव्याचा इंग्रजी अनुवाद २०११ पासून उपलब्ध आहे. पुस्तक-भिशी चालवणाऱ्या मैत्रिणींनो, पुढच्या महिन्यात हेच वाचायला घ्या. आणि तंजावूरला गेलात तर बृहदीश्वराचं देऊळ पाहून परत फिरू नका. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समोरच नागरत्नम्मांची समाधी आहे, तिथेही जाऊन या.