चाळिशीला की पन्नाशीला?

कढीपत्त्याच्या दोन काड्या मागायला गडग्याशी गेले, ती पाऊण तास तिथेच उभी. पलीकडे माई आमसुलं उलटत होत्या. जन्मभर मुंबईत नर्स, आता निवृत्त होऊन गावी आल्यात; आवाज मात्र अजून वॉर्डातलाच.

“मुलींचे फोन येतात ना माई?”

“येतात, पण भांडायला! न्यू जर्सीच्या धाकटीला चाळिशी लागताच डॉक्टरनं मॅमोग्राम, म्हणजे स्तनाच्या कर्करोगासाठीचा एक्स-रे, सांगितलाय. लंडनची थोरली सत्तेचाळीसची, तिला अजून बोलावणं नाही. तिकडे पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी पत्र येतं. आता दोघींचं चाललंय, कुणाचं सरकार शहाणं म्हणून.”

“मग कोण शहाणं?”

“अगो, अमेरिकेनं स्वतःचंच फिरवलंन. 2009 मध्ये तिथल्या तज्ज्ञांची समिती म्हणाली, सरसकट तपासणी पन्नाशीपासून, वर्षाआड. केवढा गदारोळ उठला तेव्हा! 2024 मध्ये परत चाळिशीवर आले. चाळिशीतल्या बायकांत रोग वाढताना दिसला, आणि तिकडच्या कृष्णवर्णीय बायका यानं जास्त दगावतात.”

“लवकर बघितलेलं बरंच की. त्यात तोटा कसला?”

इथे माझं चुकलं. माईंनी हातातलं आमसूल खाली ठेवलं.

“तोटा? ब्रिटनमध्ये मार्मट यांच्या समितीनं 2012 साली हिशेब मांडला. पन्नाशीच्या दहा हजार बायकांना वीस वर्षं बोलावत राहिलं, तर 43 जणींचं मरण टळतं. पण 129 जणींत असा कर्करोग सापडतो, की शोधला नसता तर त्यांना जन्मात त्रास झाला नसता. एकीमागे तिघी!”

“मग त्या तिघींना सोडून द्यायचं.”

“ओळखणार कसं? कुठला गप्प बसेल नि कुठला पसरेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांना ऑपरेशन, किरण, गोळ्या. आणि गंमत बघ, त्या तिघीही देवाला नारळ फोडतात, वेळेवर सापडलं म्हणून वाचले! त्यांना तरी काय ठाऊक? शिवाय तरुण वयात छाती घट्ट. फिल्मवर गाठ पांढरी नि आजूबाजूचंही पांढरं. म्हणजे खरी गाठ निसटते, आणि नसलेलीसाठी सुई टोचतात.”

“आपल्याकडे एवढी मशिनं तरी कुठेयत?”

“म्हणून तर टाटा हॉस्पिटलनं हातानं तपासून बघितलं. 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायका घेतल्या. निम्म्यांना दर दोन वर्षांनी तपासायचं, तेही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी. 2021 मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीपुढच्यांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र फरक दिसला नाही.”

हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. माझ्याही डोळ्यांपुढे महिला दिनाची ती तपासणीची पॅकेजं आली, पंचविशीच्या मुलीपासून सगळ्यांना एकाच फोटोत हसवणारी.

“आणि सरकारचा नियम?”

“तिशी ते पासष्ट, पाच वर्षांनी एकदा हातानं तपासणी. तुला बावन्न ना? उपकेंद्रात जा. मॅमोग्राम करायचा तर डॉक्टरला विचार, माझ्यासारखीला काय फायदा, काय तोटा. विचारलं तर कुणी रागावत नाही.”

मला एकदम आठवलं. “माई, वरच्या वाडीतली सून, अडतीसची. तिला म्हणे गाठ लागलीय महिनाभर. दुखत नाही, आणि टीव्हीवर पन्नाशी सांगतात, म्हणून गप्प आहे.”

माई उठल्याच. “अगो बये! वयाचा हा सगळा हिशेब काहीही होत नसलेल्या बायकांचा! गाठ हाताला लागली, की अठरा काय नि ऐंशी काय, डॉक्टर गाठायचा. बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात, पण ते तपासून ठरतं, वाडीत बसून नाही. हाक मार तिला.”

रत्नागिरीची पहिली एसटी सव्वासहाला आहे. आम्ही तिघी जातोय.