पाचवा पी

बारावीचा निकाल लागला की जालन्यात सळई, बियाणं आणि मोसंबी या तिन्ही धंद्यांना मागे टाकणारा चौथा धंदा तेजीत येतो. तो सल्ल्याचा. याला भांडवल नाही, जीएसटी नाही आणि खराब निघालेला माल परत घेण्याची भानगड तर मुळीच नाही.

पोरगं कॉमर्सचं असलं की पहिला मान मामाचा. मामा कधीकाळी पुण्यात राहून आलेला असतो, त्यामुळे जागतिक बाजारपेठ त्याला कळते. तो म्हणतो, ‘बीकॉम गल्लोगल्ली झालेत. बीबीए कर.’ बीबीएत काय शिकवतात, असं वडिलांनी विचारलं तर उत्तर येतं, ‘दाजी, मॅनेजमेंट!’ दाजींची अंबडकडे मोसंबीची बाग. ती ताणावर कधी सोडायची, व्यापाऱ्याला उक्ती द्यायची की वजनावर, आलेल्या पैशात आधी कृषी केंद्राची उधारी फेडायची की सोसायटीचं कर्ज, हे ते उभा जन्म ठरवत आलेत. पण ते काही मॅनेजमेंट नव्हे. त्याला सेमिस्टर कुठे असतात?

सरकारलाही या पदवीचं महत्त्व पटलं. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए ही मंडळी तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली गेली आणि त्यांच्यासाठी सीईटी आली. पहिली परीक्षा 29 मे 2024 ला. बारावीचा निकाल लागला 21 मेला, आणि सीईटीच्या अर्जाची मुदत त्याआधीच संपलेली. भोकरदन-मंठ्याच्या पोरांना अशी काही परीक्षा असते हे कळलं ते ती होऊन गेल्यावर. राज्यात जागा लाखाच्या वर, परीक्षेला बसलेले त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे दोन खुर्च्यांमागे एक माणूसही नाही, आणि त्यातून गुणवंत निवडण्यासाठी स्पर्धा! खुर्च्या भरेनात म्हणून 4 ऑगस्टला परीक्षा पुन्हा. मागणी-पुरवठ्याचा धडा पहिल्याच वर्षाला असतो म्हणतात. तो ऑप्शनला टाकूनच लोक वर जात असावेत.

खरं मॅनेजमेंट शिकवलं ते कॉलेजांनी. राज्यात कित्येकांनी सरळ पाटीच बदलली. कालचं बीएमएस आज ‘बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज’ झालं. वर्ग तोच, सर तेच, झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्सही त्याच. सीईटी तेवढी गळाली. एवढं चोख प्रात्यक्षिक विद्यार्थ्यांना पुढच्या तीन वर्षांत पुन्हा पाहायला मिळणार नाही.

अर्थशास्त्राचं दुखणं वेगळं. आपल्याकडे ते कुणी घेत नाही, ते वाट्याला येतं. आता आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचेच प्राध्यापक झाले होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये निघाला. पदवीच्या कागदावर त्यांचं नाव फ्रेम करून लावायला आपण तयार. त्यांचा विषय घ्यायचा म्हटलं की घरात सुतक. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्रात बीएस्सी करता येतं, असं मी मामाला सांगून पाहिलं. संस्था 1930 ची, नाव मोठं. मामा म्हणाला, ‘बीएस्सी? मग प्रयोगशाळा कशाची?’

प्रयोगशाळा जालन्यातच होती की! ऑगस्ट 2022 मध्ये गाड्यांना लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावून आयकर खात्याचे लोक इथल्या स्टीलवाल्यांकडे उतरले. रोकड निघाली 56 कोटी. मोजायला 13 तास लागल्याचं सगळ्या पेपरांनी छापलं. रोखतेवरचं इतकं सविस्तर प्रात्यक्षिक गोखले संस्थेलाही परवडलं नसतं. पण आपली पोरं तेव्हा ‘पैशाची कार्ये’ या प्रश्नाचं उत्तर पाठ करत होती.

आणि करिअरचं म्हणाल तर ‘जालना सोने का पालना’ ही म्हण काही प्लेसमेंट सेलने काढलेली नाही. बदरीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली आणि 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. त्यासाठी त्यांना कुणी ‘बीबीए की बीएमएस’ असं विचारलं नव्हतं. पोराला मात्र विचारतात. एमआयडीसीतल्या केबिनमध्ये फाईल पुढे केली की शेठ ती बाजूला सारतात. ‘टॅली येतं?’ येतं. ‘ई-वे बिल?’ शिकतो. ‘गाडी आहे?’ आहे. ‘वसुलीला परभणीला जाशील?’ इथे मार्केटिंगचे चार पी घोकलेला पदवीधर गप्प होतो, कारण पाचवा पी पेमेंटचा, आणि तो त्याच्या पुस्तकात नव्हता.

शेठचा मुलगाही बीबीएच. पुण्याच्या खासगी विद्यापीठातला. त्याच्या आईवडिलांना कुणाचा सल्ला घ्यावा लागला नाही, कारण करिअर आधीच तयार होतं, पदवी मागाहून त्याला जोडली. आता तो काचेच्या केबिनमध्ये बसतो आणि आपला पदवीधर बाहेरच्या टेबलावर. परभणीच्या पार्टीने चेक द्यायचं कबूल केलं की हा बाईक काढतो. आतला काच सरकवून ओरडतो, ‘अरे, पेट्रोलची पावती आण, नाहीतर पगारातून कापीन!’