स्मारक कसं हरवावं? (नवशिक्यांसाठी)

आपली नुकतीच वारसा-जतनाच्या खात्यात बदली झाली असेल आणि वरून 'खर्च आवरा' असा निरोप आला असेल, तर घाबरू नका. स्मारक हरवणं हे छत्री हरवण्याइतकं सोपं नाही, दगड जड असतो. पण आपल्या देशात हे जमवून दाखवलेलं आहे. ही पुस्तिका मी बंगळूरच्या जे. पी. नगरात बसून लिहितो आहे, कारण सरावाचं साहित्य इथून मेट्रोने गाठता येतं.

आधी शब्द. 'कपात' हा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही. फेब्रुवारीत तरतूद भरघोस दाखवावी, तिची बातमी होते. पुढच्या वर्षी 'सुधारित अंदाज' नावाच्या रकान्यात ती गुपचूप खाली उतरवावी. त्या रकान्याची बातमी कोणी करत नाही. तरीही काही उरलंच, तर 31 मार्चला ते 'अखर्चित' म्हणून परत जातं. म्हणजे पैसे कोणी काढून घेतले नाहीत, ते आपल्या पायांनी घरी गेले.

दुसरं, स्मारकाला हात लावू नका. पहारेकऱ्याला लावा. त्याला काढायचंही नाही, तो निवृत्त झाला की जागा भरायची नाही, बस. 2022 च्या अखेरीस संसदीय समितीपुढे आलेला हिशेब असा : केंद्राची संरक्षित स्मारकं 3,693, पहारेकरी हवेत 7,000, नेमता आले 2,578, तेही फक्त 248 ठिकाणी. कारण काय, तर निधीची अडचण. बाकीच्या स्मारकांची राखण निळी पाटी करते. 'नासधूस केल्यास दोन वर्षं कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही' असा मजकूर असलेली ही पाटी पगार मागत नाही, रजा घेत नाही आणि दुपारी तिच्या सावलीत कुत्रं झोपलं तरी हाकलत नाही.

आता प्रात्यक्षिक. जे. पी. नगरहून हिरव्या मार्गाने सातवं स्टेशन के. आर. मार्केट. बाहेर पडलं की जवळच बंगळूरचा किल्ला. केंपेगौडांनी 1537 साली मातीचा कोट बांधला, हैदरअलीने 1761 मध्ये तो दगडी केला, 21 मार्च 1791 ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो फोडला. नंतर रस्ता, इस्पितळ आणि बाजार यांनी मिळून तो खाल्ला. उरला आहे दिल्ली दरवाजा आणि थोडी तटबंदी. खिंडार कुठं पडलं ते सांगणारा शिलालेख मात्र शाबूत आहे. नवशिक्याने इथं थोडं थांबावं : किल्ला गेला, तो फोडल्याची नोंद राहिली.

मराठी उमेदवारांसाठी वेगळा पाठ आहे. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांची जहागीर होतं. त्यांचे चिरंजीव एकोजी यांच्या काळचा 1669 चा शिलालेख मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वर देवळात आहे. पुढे एकोजींनी बंगळूर तीन लाखांना विकायला काढलं होतं. (तीन लाख म्हणजे आज आमच्याकडे दोन खोल्यांच्या भाड्याचं डिपॉझिट.) शहाजीराजांनी 1664 मध्ये देह ठेवला तो दावणगेरे जिल्ह्यात, होदिगेरेला. समाधी तिथंच आहे, केंद्राच्या संरक्षित यादीतही आहे. पण थोर माणसाचं स्मारक परराज्यात असलं की आपलं निम्मं काम आयतं होतं. तिथल्या मतदाराला राजे परके वाटतात आणि महाराष्ट्रातल्याला अंतर फार वाटतं. खात्री करायची असेल तर पुण्याच्या कुठल्याही कट्ट्यावर विचारा, समाधी कुठं आहे?

फारच ओरड झाली तर दत्तकविधान करावं. 2017 पासून तशी योजनाच आहे. लाल किल्ल्यासाठी 2018 मध्ये एका सिमेंट कंपनीने पाच वर्षांसाठी 25 कोटींचा करार केला. दत्तक घेणारा प्रसाधनगृह, पाणी, दिवे बघतो. ढासळणारा बुरूज मात्र सरकारचाच राहतो. आणि गोरंगोमटं पोर आधी दत्तक जातं, हे अनाथाश्रमात जितकं खरं तितकंच इथंही.

एका धोक्याची सूचना. इथले काही लोक ऐकत नाहीत. हेब्बाळला रस्त्याच्या कामात आठव्या शतकातला कित्तय्याचा वीरगळ सापडला, तर रहिवाशांनी वर्गणी काढून त्याच्यावर मंडप उभारायला घेतला. अशांचं कौतुक करणारं पत्र पाठवावं, निधी पाठवू नये. एकदा वर्गणी जमते म्हटल्यावर सरकारचं काम काय उरलं?

शेवटची पायरी वरच्या दर्जाची आहे. 2013 मध्ये महालेखापरीक्षकांना 92 स्मारकं जागेवर दिसली नाहीत. शोध घेतल्यावर 42 सापडली. उरलेल्यांतली 14 शहरांनी गिळली, 12 धरणाच्या पाण्याखाली गेली आणि 24 चा ठावठिकाणाच लागेना. मग शोधण्याचा खर्चही वाचवण्यात आला. मार्च 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याने 18 स्मारकं यादीतून वगळायला काढली. कारण दिलं, त्यांना आता राष्ट्रीय महत्त्व उरलेलं नाही. जे सापडत नाही त्याचं महत्त्व कुणी मोजलं, हे विचारायचं नसतं.

दिल्ली दरवाजा अजून यादीतही आहे आणि जागेवरही. येत्या रविवारी सकाळी सातवं स्टेशन, उन्हं चढायच्या आत जाऊन या.